२३ रात्रींची क्रूझ संपत आली, शेवटचे कोलंबो-कोची-गोवा उतरून बघावेत की बोटीवरच बसावं?

हिप्परगा_काठ, १ जानेवारी

नमस्कार मंडळी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा. हे मी बोटीवरून टाईप करतेय, बंगालच्या उपसागरात कुठंतरी, चारी बाजूला नुसतं पाणी. मुलानं वायफायचं पॅकेज घेऊन दिलंय पण ते मधेच जातं, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

आम्ही दोघं सोलापूरचे, मी ६१ ची आणि हे ६७ चे. १६ डिसेंबरला हाँगकाँगला चढलो, काई टाकच्या टर्मिनलवर, जुन्या विमानतळाची धावपट्टी समुद्रात घुसलेली आहे तिच्यावरच बांधलंय ते. मग व्हिएतनाम, सिंगापूर, पेनांग, फुकेत असं करत आता कोलंबोकडं चाललोय. ३ ला कोलंबो, ५ ला कोची, ७ ला गोवा म्हणजे तिथलं मार्मागोवा बंदर आणि ८ ला सकाळी मुंबईत उतरायचं. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी घरी पोचायचं म्हणून मुद्दाम हीच तारीख घेतली होती, लग्न झाल्यापासून जत्रेतल्या भोगीच्या अक्षता चुकल्या नाहीत आणि चुकवायच्याही नाहीत.

आता प्रश्न असा की यांना शेवटच्या बंदरांत उतरायचंच नाहीये. पहिले चार-पाच दिवस यांना बोट लागली होती, त्यानंतर मात्र इतकी मानवली की आता सकाळी डेकवर सहा फेऱ्या, मग ठरलेली खुर्ची, ठरलेला चहा, आणि दिवसभर पाणी बघत बसायचं. म्हणतात कोची-गोवा आपलंच आहे, कधीही रेल्वेत बसून जाऊ, आणि कोलंबो एका दिवसात काय बघणार, त्यापेक्षा शेवटचे दिवस शांतपणे बोटीवर काढू. गुडघा पण दुखतोय यांचा, पेनांगला चढ-उतार जरा जास्त झाली. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही.

पण मला उतरायचंय. कारण सांगते. लहानपणी भैय्या चौकातून जाताना माझे वडील डॉक्टर कोटणीसांचं घर दाखवायचे, दरवेळी दाखवायचे, जणू मागच्या वेळी दाखवलंच नव्हतं. १९३८ च्या सप्टेंबरात कोटणीस मुंबईहून बोटीनं चीनला निघाले, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला, पाच डॉक्टरांचं पथक होतं, वय २७. त्या वेळी पूर्वेकडं जाणाऱ्या बोटी कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग अशाच जायच्या. चार वर्षांनी, ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडंच चीनमध्ये वारले, ३२ व्या वर्षी. त्यांचा परतीचा प्रवास झालाच नाही. आम्ही नेमके त्याच वाटेनं उलटे येतोय हे मला पेनांगच्या धक्क्यावर लक्षात आलं आणि तेव्हापासून वाटतंय की या वाटेवरच्या प्रत्येक बंदरात पाय टाकावा.

काल रात्री बोटीवरचं घड्याळ एक तास मागं घेतलं, आज अजून अर्धा तास घ्यायचंय, म्हणजे उद्या उठू तेव्हा बोटीवर सोलापूरचीच वेळ असेल. फार जवळ आल्यासारखं वाटतंय आणि संपत आल्यासारखंही.

तर मला तीन गोष्टी सांगा. कोलंबोत मी एकटी उतरले तर चालेल का, परदेशात एकटी कधी फिरलेली नाही. कोची-गोव्याला खरंच उतरण्यासारखं आहे का, की हे म्हणतात तसं परत कधीतरी. आणि गोवा ते मुंबई जाताना बोटीवरून आपलं कोकण दिसतं का?

इंजिनरूम_ते_होटगी, १ जानेवारी

वहिनी नमस्कार. ३१ वर्ष मर्चंट नेव्हीत काढली, सगळी इंजिनरूममध्ये, आता होटगी रोडला घर आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

उतरायचं का हा प्रश्न नंतर, आधी शिरायचं बघा. बंदरात शिरताना आम्ही इंजिनवाले कायम खाली असतो, स्टँडबाय म्हणतात त्याला, वरून ऑर्डर येईल तसा स्पीड कमी-जास्त करायचा, पायलट बोटीवर चढल्यापासून दोर बांधून होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. कोचीत मी किमान बारा वेळा शिरलो असेन आणि तिथली ती किनाऱ्यावर उभी केलेली मासेमारीची मोठी चिनी जाळी शिरताना एकदाही बघितली नाहीत. वर आलो की धक्का, क्रेन आणि भिंत. रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन रेल्वेनं कोचीला गेलो, जाळी किनाऱ्यावरून बघितली, आणि तिथं उभं राहून पाण्याकडं बघत होतो की माझी बोट इथून जायची. म्हणून भाऊंना सांगा, रेल्वेनं जाता येतं हे खरंय पण रेल्वेनं गेलं की कोची पाठीमागून दिसतं. ते शहर समुद्राकडं तोंड करून बसलेलं आहे. तुम्ही समोरून येताय.

५ ला पहाटे अंधार असतानाच वरच्या डेकवर जा, चहा बरोबर घ्या. कोचीचं तोंड अरुंद आहे, उजव्या हाताला फोर्ट कोची आणि डाव्या हाताला वायपीन, दोन्हीकडं जाळी, आणि मोठी बोट मधून इतकी जवळून जाते की किनाऱ्यावरचा माणूस हात करतो ते दिसतं. डॉल्फिन पण असतात तिथं बऱ्याचदा. पुढं विलिंग्डन बेट, तिथंच तुमची बोट लागेल. ते बेट माणसानं बनवलेलं आहे, बंदर खोल करताना जो गाळ निघाला त्याचाच भराव. रॉबर्ट ब्रिस्टो म्हणून इंजिनियर १९२० ला आला होता, तोंडावर वाळूचा बांध होता, मोठ्या बोटी आत येऊच शकत नव्हत्या, त्यानं तो फोडला.

गोवा ते मुंबई. खरं सांगतो, रात्रीचा प्रवास आहे आणि बोट किनाऱ्यापासून बरीच लांबून जाते, त्यामुळे डोंगर-झाडी असं कोकण दिसणार नाही. पण किनारा पूर्ण रात्र उजव्या हाताला असतो. तुमची केबिन उजव्या बाजूची असेल तर पडदा लावू नका. मासेमारीच्या बोटींचे दिवे इतके असतात की क्षितिजावर गाव वसल्यासारखं वाटतं, आणि त्या अंधारामागं क्रमानं सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग असतात. मुंबईच्या जरा अलीकडं, उजाडायच्या आधी, खांदेरीचा दिवा दिसेल. खांदेरी म्हणजे महाराजांनी १६७९ ला मुंबईच्या तोंडावर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला किल्ला, आता त्यावर १८६७ चं लाईटहाऊस आहे. मग डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकाजवळ पाण्यात उभा असलेला प्राँग्सचा दिवा, तो १८७५ चा. तो दिसला की आलं घर.

अजून एक, फार महत्त्वाचं. बोटीचा टाईम आणि मोबाईलचा टाईम एकच आहे का हे उतरायच्या आधी दरवेळी बघा. बोटीचं जे घड्याळ तेच खरं. ऑल अबोर्ड म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परत यायची म्हणून जी वेळ देतात तिच्या तासभर आधी धक्क्यावर हवं, बोट थांबत नाही.

मंगळवार_पेठ, १ जानेवारी

मी भाऊंच्या बाजूनं बोलतो ओ. गुडघा दुखत असताना तीन बंदरं म्हणजे लई झालं, मुंबईला उतरल्यावर परत सामान, टॅक्सी, स्टेशन हाय की. माझ्या वडलांना आम्ही केरळला असंच ओढत नेलं होतं, हे बघा ते बघा, शेवटी घरी आल्यावर पंधरा दिवस पडून होते. कोलंबो सोडा म्हणावं त्यांना, कोचीला जमलं तर उतरतील. पण ताई तुम्ही मात्र जावा. दोघांनी सगळं जोडीनंच बघायला पाहिजे असं कुठं हाय.

एकटं जाताना धाकधूक वाटत असेल तर बोटीचीच टूर घ्या, महाग पडते पण त्यांच्या टूरला उशीर झाला तर बोट वाट बघते, आपण आपले बाहेरून रिक्षा करून गेलो तर बघत नाही. हे लक्षात ठेवून ठरवा. आणि श्रीलंकेच्या परमिटचं काय ते आजच रिसेप्शनला विचारून ठेवा, आयत्या वेळी नको.

कोथरूडची_सोलापूरकर, २ जानेवारी

काकू, मी तीन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन अशीच मुंबईला संपणारी क्रूझ केली होती, बंदरांबद्दल बाकीच्यांनी छान सांगितलंय, मी शेवटच्या रात्रीबद्दल सांगते कारण ती आमची पूर्ण वाया गेली होती.

आदल्या दिवशी केबिनमध्ये रंगीत टॅग येतात, ते बॅगांना लावून रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, मग त्या थेट टर्मिनलवरच मिळतात. आम्ही ते संध्याकाळी वाचलं. चार बॅगा, तीन माणसं, गोव्यात घेतलेले काजू, सगळं रात्री साडेदहापर्यंत कोंबत बसलो, सूर्यास्त गेला, शेवटचं जेवण धावतपळत झालं, आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या बाहेर गेलेल्या बॅगेत. रात्री साडेअकराला बाबांना चक्कर यायला लागली, बोटीच्या डॉक्टरकडून गोळी घेतली, तिचं बिल वेगळं. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, गोळीचं नाही, बाबा शेवटच्या रात्री डेकवर आलेच नाहीत त्याचं.

म्हणून ६ तारखेला, कोची ते गोवा मधला जो अख्खा दिवस समुद्रात आहे ना, त्या दिवशीच ९० टक्के बॅग भरून टाका. गोळ्या, पासपोर्ट, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, चप्पल, हे हातातल्या पिशवीत. बोटीच्या खात्याचा हिशोब पण ६ लाच मागून बघून घ्या, आमच्यात एक जेवण दोनदा लागलं होतं आणि शेवटच्या सकाळी काउंटरवर ही रांग. भारतातलं पहिलं बंदर कोची म्हणजे पासपोर्टचं काम तिथं होईल, त्या दिवशी खाली उतरायला दीड-दोन तास उशीर धरूनच चाला.

आणि घरी गेल्यावर दोन-तीन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल, विशेषतः आंघोळीला डोळे मिटले की. घाबरू नका, मेंदूला बोटीच्या हलण्याची सवय झालेली असते, ती आपोआप जाते. आईला ती वाटत होती तोवर ती फार खूश होती, म्हणायची अजून बोटीवरच आहे मी.

सात_रस्ता_ते_कोची, २ जानेवारी

मावशी मी कामानिमित्त सहा वर्ष कोचीत आहे, मूळचा सात रस्त्याचा. काकांच्या गुडघ्याला झेपेल असं सांगतो. धक्क्यापासून मट्टनचेरी गाडीनं जवळ आहे, दिवसभराची टॅक्सी करू नका, चार तासांची करा. मट्टनचेरीचं ज्यू लोकांचं परदेसी सिनेगॉग १५६८ चं आहे, आत खाली बघा, निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, हातानं रंगवलेल्या, सारख्या वाटतात पण एकसारखी दुसरी सापडत नाही. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतं, वार बघून घ्या. तिथून फोर्ट कोची, सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामा १५२४ ला कोचीत वारला तेव्हा आधी इथंच पुरला होता, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. चर्चच्या मागं चालत पाच मिनिटांवर ती जाळी. तुम्ही कोटणीसांचं लिहिलंय म्हणून सांगतो, जाळी चिनी, फरशा चिनी, या किनाऱ्यावर चीनहून येणं-जाणं शेकडो वर्षांचं आहे, तुमच्या वाटेतलंच गाव आहे हे.

काकांना अजून चालवत असेल तर वॉटर मेट्रोत बसवा, २०२३ ला सुरू झाली, एसी बोट आहे, तिकीट अगदी कमी, बसल्या बसल्या बॅकवॉटर दिसतं.

हिप्परगा_काठ, ४ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोलंबो झालं. मी एकटी गेले.

हे आदल्या रात्रीच म्हणाले तू जा, मी वरून बघतो. मला वाटलं समजूत काढतायत. पण झालं असं की सकाळी बोट लागली तेव्हा यांच्या खुर्चीसमोर कंटेनरचा धक्का आला, आणि हे त्या क्रेनकडं बघत उभेच राहिले. तुम्हाला सांगायचं राहिलं, यांनी चाळीस वर्ष अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळलं. माल न्हावाशेव्याहून निघायचा, आणि कितीतरी वेळा कोलंबोला दुसऱ्या मोठ्या बोटीवर चढून पुढं युरोपला जायचा. कागदावर वर्षानुवर्षं कोलंबो हे नाव लिहिलं, कंटेनर अडकला की फोनवर भांडले, पण ते कोलंबो कसं दिसतं ते कधी बघितलं नव्हतं. मी संध्याकाळी परत आले तर हे मला सांगत होते की एका तासात एक क्रेन किती डबे उचलते ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. मला इतकं बरं वाटलं. त्यांनी पण त्यांचं बंदर बघितलंच की.

मी बोटीच्या बसनं गेटपर्यंत गेले आणि पुढं मीटरची रिक्षा केली. आधी कोच्चिकडेचं शिवमंदिर, पोन्नंबलवाणेश्वरम, बंदरापासून अगदी जवळ आहे, पेनांगला भेटलेल्या एका तमिळ बाईंनी सांगितलं होतं. पूर्ण काळ्या दगडाचं, आत अंधार, दिव्यांचा आणि तेलाचा वास, आणि बाहेर रस्त्यावर ट्रकची गर्दी असताना आत एकदम गार. मी तिथं खांबाला टेकून किती वेळ बसले माहिती नाही. आपल्याकडं सोलापुरात आता गड्ड्यातल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाची तयारी चालू असेल, ते डोळ्यासमोर येत होतं. एका आजींनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं, मला तमिळ येत नाही पण कन्नड-तेलुगू ऐकत वाढलेलो आपण, ऊर म्हणजे गाव एवढं कळलं, मी सोलापूर म्हटलं, त्यांना काही कळलं नसणार पण त्यांनी माझ्या कपाळाला विभूती लावली. ती मी रात्रीपर्यंत पुसली नाही.

मग पेट्टाची लाल मशीद, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, शंभर वर्षांहून जुनी, त्याच्या आजूबाजूला सगळा कापडबाजार, ठोक दुकानं, डोक्यावर गठ्ठे घेऊन पळणारे हमाल, मंगळवार पेठेत आल्यासारखंच वाटलं. यांच्यासाठी हातमागाचा एक नॅपकिन घेतला, तो हे अजून उलटासुलटा करून वीण बघतायत. शेवटी गॉल फेस, समुद्राकाठचं मोठं मैदान, मुलं पतंग उडवत होती. तिथं एक तास. बस. लोटस टॉवर लांबूनच बघितला, वर नाही गेले. बोटीवर दोन तास आधी पोचले.

एकटीनं फिरल्यावर काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. भीती मंदिरापर्यंतच होती.

कोथरूडची_सोलापूरकर, ४ जानेवारी

काकू वाचताना डोळ्यात पाणी आलं. जेवणाचं काय केलंत, तुम्ही शाकाहारी ना?

हिप्परगा_काठ, ४ जानेवारी

हो पूर्ण शाकाहारी. पेट्टात शैव हॉटेलं असतात, तमिळ लोकांची, तिथं डोळे झाकून जेवायचं. इतर ठिकाणी नारळाची रोटी छान मिळते पण तिच्याबरोबरच्या सांबोलमध्ये, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, सुक्या माशाचा चुरा घालतात बऱ्याचदा, विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटीवर शेंगा चटणीची सीलबंद पाकिटं आणली होती, शेवटचं परवा संपलं, दह्याबरोबर. आमच्या टेबलावरच्या वेटरला पण दिली, तो गोव्याचा, सासष्टीचा आहे, त्याला फार आवडली.

इंजिनरूम_ते_होटगी, ५ जानेवारी

वहिनी, आज पहाटे वर गेलात का ते कळवा. भाऊंनी क्रेन मोजली हे वाचून आनंद झाला, आमच्यातलेच आहेत.

हिप्परगा_काठ, ९ जानेवारी, सोलापूर

घरी पोचलो. मधे वायफायचं पॅकेज संपलं होतं म्हणून लिहिता आलं नाही, आता सगळं एकदम लिहिते.

दादा, कोचीला आम्ही दोघंही साडेपाचला वर होतो. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि धुराचा, दिसत काहीच नव्हतं. मग पायलटची छोटी बोट आली, तो दोराच्या शिडीवरून चढला, आणि थोड्या वेळात दोन्हीकडं जाळी. तुम्ही सांगितलं तसंच, उजवीकडं एक म्हातारा माणूस जाळं ओढायच्या दोरापाशी उभा होता, त्यानं हात केला, यांनी दोन्ही हात वर करून केला. मी मनात तुमच्या त्या बारा वेळांची आठवण काढली, खाली इंजिनपाशी आत्ता कुणीतरी असेल असंही वाटलं. पासपोर्टला दोन तास लागले खरेच. पुढं मट्टनचेरी, फरशा, चर्च, सगळं चार तासांत, आणि वॉटर मेट्रो यांना इतकी आवडली की परत उलटं बसून आलो. सात रस्त्याच्या दादा, थँक्यू.

६ ला बॅगा भरल्या. कोथरूडच्या ताई, तुमच्या बाबांची गोष्ट वाचली नसती तर आम्ही पण तेच केलं असतं, यांच्या गोळ्या मी आधी काढून पर्समध्ये ठेवल्या.

गोव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. सकाळी टॅक्सी करून मंगेशीला जाऊन आलो, दर्शन छान झालं, पण मला आठवणार ते दुसरंच. परत आलो तेव्हा गेटबाहेर पन्नास-साठ माणसं उभी होती, आज्या, लहान पोरं, बायका, डबे घेऊन. मला वाटलं टूरवाले असतील. तर ती सगळी बोटीवर काम करणाऱ्या गोव्याच्या पोरांची घरची माणसं होती. नऊ नऊ महिन्यांचे करार असतात यांचे, आणि बोट स्वतःच्या गावाला लागली तर ड्यूटी सांभाळून दोन-तीन तास सुट्टी मिळते, तेवढंच. आमचा तो वेटर तिथं उभा होता, युनिफॉर्मवरच, आणि त्याच्या हातात त्याची मुलगी, सात महिन्यांची, तो बोटीवर गेल्यावर झालेली, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा घेतली होती हातात. ती रडत होती आणि तो तिला आमच्याकडं करून दाखवत होता. तीन आठवडे हा मुलगा आम्हाला दोन वेळा हसून जेवायला वाढत होता आणि आम्हाला यातलं काही माहिती नव्हतं. मी सोलापूरहून दोन चादरी आणल्या होत्या, एक केबिन साफ करणाऱ्या मुलाला दिली होती, दुसरी वेटरला शेवटच्या रात्री द्यायची म्हणून ठेवली होती. हे म्हणाले थांब, आणि गुडघ्याचं विसरून परत वर बोटीवर गेले, चादर घेऊन आले आणि त्याच्या आईच्या हातात दिली. चारला बोट सुटली तेव्हा ती माणसं तशीच उभी असणार, बोटीवरून गेट दिसत नाही, पण तो मुलगा संध्याकाळी जेवायला वाढताना मी त्याच्याकडं बघू शकत नव्हते.

त्या रात्री पडदा लावला नाही. मासेमारीचे दिवे खूप होते. विजयदुर्ग कधी गेला कळलं नाही पण अंधाराकडं बघून आम्ही दोघांनी नमस्कार केला. पावणेपाचला हे उठवायला आले की दिवा दिसतोय, बघ खांदेरी असेल. तोच होता. मग डावीकडं प्राँग्स, मग दिवेच दिवे. मला वाटलं होतं मुंबई आली की आनंद होईल. झालाही, पण मी मागं समुद्राकडं बघत होते, याच पाण्यावरून ते २७ वर्षांचे डॉक्टर उलट्या दिशेनं गेले असतील, आणि त्यांनी पण मागं वळून हेच दिवे बघितले असतील का, एवढंच मनात. हे शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत.

बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी टॅक्सीनं अगदी जवळ, सामान क्लोकरूमला ठेवलं आणि दुपारी चारनंतरची वंदे भारत धरली, रात्री साडेदहाच्या पुढं सोलापूर. नुसती रात्रीची गाडी पाहिजे असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच पण आमच्यात तेवढं थांबायची ताकद नव्हती. कुर्डुवाडी गेल्यावर डोळा लागला तर गाडी बोटीसारखी डुलत होती.

स्टेशनवरून रिक्षावाल्याला म्हटलं जरा भैय्या चौकातून घे. कोटणीसांच्या घराला कुलूप होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, थंडी होती. दोन मिनिटं उतरले. वडील असते तर म्हणाले असते, हे बघ, हे घर.

मंगळवार_पेठ, ९ जानेवारी

ताई मी चूक होतो, गोव्याला भाऊ उतरले ते बरं झालं. गुडघा कसाय आता?

हिप्परगा_काठ, ९ जानेवारी

तुम्ही चूक नव्हता, कोलंबोला ते बसले म्हणून गोव्याला चालू शकले. गुडघा बराय, शेक चालू आहे. जमीन अजून हलतेय दोघांचीही. भोगीला जत्रेतले नंदीध्वज, त्या उंच काठ्या, जातील तेव्हा अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यापर्यंत चालत जायचं हे म्हणतायत, तुम्ही असाल तर भेटा, होटगीचे दादा तुम्ही पण या, वहिनींना घेऊन.